अलास्का क्रूझ: आई-बाबा आणि मुलांसह (हिमनद्या, देवमासे आणि वलगण)

केवडा

इथे अधूनमधून कुणीतरी अलास्का क्रूझबद्दल विचारतं आणि उत्तरं बहुतेक करून बोटीवरच्या जेवणाची नि खोल्यांची येतात. आम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाऊन आलो. मला बोटीबद्दल थोडं आणि बोटीबाहेर जे पाहिलं त्याबद्दल जास्त लिहायचंय, म्हणून वेगळा धागा काढतेय.

आम्ही सहा जण होतो. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक, सहा वर्षांचा मुलगा आणि देवगडहून आलेले माझे आई-बाबा. बाबांचा गुडघा बदललेला आहे, अर्ध्या तासाच्या वर चालवत नाही. नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात झाली, त्यामुळे पाणी दिसलं की ते कुठून येतं आणि कुठे जातं हे त्यांना कळल्याशिवाय चैन पडत नाही. आईचं माहेर खाडीकाठचं. तिला गाडी लागते, बोट लागत नाही.

मार्ग असा: सिअ‍ॅटलहून निघून सात रात्रींनी सिअ‍ॅटललाच परत. पहिला अख्खा दिवस समुद्रात, मग केचिकन, जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे आणि परतताना संध्याकाळचे काही तास कॅनडातलं व्हिक्टोरिया.

बोट ठरवताना घरात बरीच चर्चा झाली. मुलांना घसरगुंड्यावाली हवी होती. मी एकच हट्ट धरला, की जी ग्लेशियर बेमध्ये जाते तीच घ्यायची. ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ बोटींना आत सोडतात. त्यामुळे अलास्काला जाणारी प्रत्येक बोट तिथे जात नाही. बुकिंग करताना आधी बोट कुठल्या हिमनदीपाशी जाते ते बघा. ती किती मजली आहे नि तिच्यावर काय काय आहे ते नंतर.

त्या दिवसाबद्दलच सगळ्यात जास्त सांगायचंय.

पहाटे आम्ही दोन घोंगड्या आणि थर्मास घेऊन खालच्या डेकवर गेलो आणि आई-बाबांसाठी कठड्यालगतच्या खुर्च्या धरल्या. खाडीच्या तोंडाशी एक छोटी बोट आली, तिच्यातून उद्यानाचे रेंजर आमच्या बोटीवर चढले, आणि मग दिवसभर ध्वनिक्षेपकावरून तेच सांगत होते. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथून गेली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ तीस मैलांहून अधिक मागे गेला होता. आज त्या तोंडापासून शेवटच्या हिमनदीपर्यंत सुमारे ६५ मैल, म्हणजे १०० किलोमीटरहून जास्त पाण्यातून जावं लागतं. अडीचशे वर्षांपूर्वी ते सगळं बर्फाखाली होतं.

हे ऐकून नुसतं नवल वाटलं असतं, पण बाबांनी काठाकडे बोट दाखवलं. खाडीच्या तोंडाशी स्प्रूसचं (सूचिपर्णी झाडांचं) दाट, काळपट जंगल होतं. जसजसे आत गेलो तसतशी झाडं बुटकी झाली, मग नुसती झुडपं, मग खडकावर शेवाळ, आणि शेवटी खरवडलेला उघडा दगड. जिथून बर्फ आधी गेला तिथे जंगल जुनं, जिथून काल-परवा गेला तिथे अजून काहीच नाही. एका सकाळीत अडीचशे वर्षं उलटी चालत गेल्यासारखं झालं. विल्यम कूपर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ पासून इथे जमिनीचे ठरावीक तुकडे आखून त्यांवर काय उगवतं याच्या नोंदी ठेवल्या. ही जागा राखून ठेवावी म्हणून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आग्रह धरला, आणि १९२५ साली ती राष्ट्रीय स्मारक झाली. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९८० मधला.

आणखी एक गोष्ट रेंजरबाईंनी सांगितली, ती मला महत्त्वाची वाटली. बर्फ मागे जाण्याआधी तो पुढे आला होता. तिथे राहणाऱ्या हूना ट्लिंगिट लोकांची गावं त्याच्याखाली गेली आणि त्यांना ही भूमी सोडून आजच्या हूना गावाच्या बाजूला जावं लागलं. पुढे उद्यान झाल्यावर त्यांच्या पारंपरिक वापरावरही निर्बंध आले. २०१६ साली उद्यानातल्याच बार्टलेट कोव्हला त्यांचं सामुदायिक घर पुन्हा उभं राहिलं. म्हणजे आपण ज्याला निर्जन निसर्ग म्हणून बघायला जातो ते कुणाचं तरी गाव आहे.

दहाच्या सुमाराला मार्जरी हिमनदी समोर आली. तोंड सुमारे दीड किलोमीटर रुंद, पाण्यावरची उंची साधारण अडीचशे फूट. बोटीचा वेग इतका कमी झाला की चालतेय हे कळेना, आणि हजारो माणसं असूनही डेकवर शांतता पसरली. आधी कुरकुर, मग बंदुकीच्या बारासारखा आवाज, मग पुन्हा काही नाही. मुलगा कंटाळणार असं वाटत असतानाच डाव्या बाजूचा एक सुळका सुटला. तो पडताना दिसला, पाणी उसळलं, आणि आवाज नंतर आला. “आजोबा, विजेसारखंच! आधी दिसतं, मग ऐकू येतं!” त्यानंतर तो तासभर कठड्यावरून हलला नाही, प्रत्येक वेळी आकडे मोजत होता. ट्लिंगिट लोक या आवाजाला पांढरा गडगडाट म्हणतात.

बर्फ निळा का, हे लेकीने विचारलं. वर्षानुवर्षांच्या दाबाने त्यातली हवा निघून जाते, घट्ट झालेला बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो आणि निळा तेवढा आपल्यापर्यंत येतो. बाबांनी हे सांगितलं, आणि मग स्वतःच बराच वेळ त्या निळ्याकडे बघत राहिले.

बोट तिथे जागच्या जागी हळूहळू पूर्ण फिरते, त्यामुळे डाव्या बाजूची खोली की उजव्या, याची चिंता करू नका. आम्ही आई-बाबांना बाल्कनीची खोली घेतली आणि आम्ही चौघं समोरच बिनखिडकीच्या खोलीत राहिलो. सगळ्यांना बाल्कनी परवडणारी नव्हती. तसंही ग्लेशियर बेच्या दिवशी खोलीत बसू नका. डेकवरून दोन्ही किनारे दिसतात. साउथ मार्बल बेटावर स्टेलर सी-लायन एकमेकांवर रेलून पडलेले असतात, आणि त्यांचा वास त्यांच्याआधी येतो. समुद्री पाणमांजरं पाठीवर तरंगत होती. पफिन पक्षी दोनदा दिसले, तेही दुर्बिणीतून.

बाकीचं उद्या लिहिते. मुलांना झोपवायचंय.

दर्यावर्दी६७

सुरेख लिहिताय. शीर्षकात वलगण आहे, ती अजून आली नाही. मी मालवणचा, त्यामुळे तेवढ्यासाठी थांबलोय.

मनमोगरा

माझे सासू-सासरे पुढच्या उन्हाळ्यात येणार आहेत. भारतीय पासपोर्ट, अमेरिकेचा व्हिसा आहे. बोट सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच येणार, मग कॅनडाचा व्हिसा कशाला? एजंट म्हणतोय लागणार नाही.

सिअ‍ॅटलकर

मनमोगरा, लागणार. व्हिक्टोरियाला बोट थांबते ना, मग तुम्ही खाली उतरा की न उतरा, कॅनडात प्रवेश झालाच. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा हवा. ग्रीन कार्डवाल्यांना वैध पासपोर्ट आणि वैध ग्रीन कार्डावर चालतं, त्यांना वेगळा व्हिसा लागत नाही. पण एच-वन (नोकरीचा व्हिसा) असो की पर्यटक व्हिसा, त्यांना लागतो. मी स्वतः सिअ‍ॅटलच्या धक्क्यावर एका कुटुंबातल्या आजी-आजोबांना काउंटरवरूनच मागे फिरताना पाहिलंय, आणि मग सगळं कुटुंबच मागे राहिलं. अर्ज कित्येक महिने आधी टाका.

व्हिक्टोरिया मध्ये येतं कशाला, हेही सांगतो. १८८६ चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीला प्रवासी अमेरिकेतल्या एका बंदरातून उचलून, मध्ये परदेशी बंदर न करता अमेरिकेतच उतरवता येत नाहीत. बहुतेक मोठ्या क्रूझ बोटी परदेशी झेंड्याखाली आहेत. २०२१ मध्ये महामारीमुळे कॅनडाने बंदरं बंद ठेवली तेव्हा अमेरिकी संसदेला तात्पुरती सूट देणारा कायदा करावा लागला होता, नाहीतर अलास्काचा तो हंगामही बुडाला असता.

केवडा

सिअ‍ॅटलकर, आभार. आम्ही आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा आधी हातात घेतला आणि मगच बोटीचे पैसे भरले.

आता केचिकन. तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आईला सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे आषाढच तो.” धक्क्यापासून थोडं चालल्यावर क्रीक स्ट्रीट लागते. एका ओढ्यावर लाकडी खांब रोवून त्यावर घरं नि गल्ली उभारली आहे. पर्यटक वरच्या दुकानांत होते. आम्ही बाबांसाठी बसायला जागा शोधत कठड्याशी थांबलो आणि सहज खाली पाहिलं, तर ओढा काळा झालेला. पाणी दिसेना, इतके मासे. पिंक सॅमन. समुद्रातून आपल्या जन्माच्या ओढ्यात परत येतात, अंडी घालायला. थोडं वर धबधब्यासारखा उतार आहे, तिथे त्यांना चढता यावं म्हणून बाजूने पायऱ्यांची वाट करून दिली आहे, पण कित्येक मासे तिच्याकडे न बघता सरळ धारेवरच उड्या घेत होते.

आई कठड्याला धरून वाकली आणि ओरडली, “गो बाय, ही तर वलगण!”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्याकडे व्हाळांतून, ओहोळांतून मासे उलटे चढत शेतात येतात, अंडी घालायला. ती वलगण. चढणीचे मासेही म्हणतात. आई लहान असताना भावंडांबरोबर रात्री बत्ती घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायची. हे सगळं ती माझ्या लेकीला तिथे, केचिकनच्या पावसात, पुलावर उभी राहून सांगत होती. माझी लेक मराठी समजते पण उत्तरं इंग्रजीत देते. त्या दिवशी ती सगळे प्रश्न मराठीत विचारत होती, कारण व्हाळ, वलगण, बत्ती यांना तिच्याकडे दुसरे शब्दच नव्हते.

फरक एवढाच, की पॅसिफिकमधले हे सॅमन अंडी घातल्यावर मरतात. पिंक सॅमनचं आयुष्य दोन वर्षांचं. मेलेले मासे अस्वलं आणि गरुड ओढून रानात नेतात, तिथे त्यांचं खत होतं, आणि समुद्रातला नायट्रोजन काठच्या झाडांच्या खोडांत सापडतो. भोवतीचं टोंगास जंगल, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय वन, अशा माशांवरही पोसलेलं आहे. आईला ते मरण्याचं फार लागलं. “एवढं चढून यायचं, आणि पोरं बघायचीच नाहीत?” संध्याकाळी जेवतानाही ती त्याबद्दलच बोलत होती.

दर्यावर्दी६७

वलगण वाचून डोळ्यांसमोर आमचा व्हाळ आला. एक गोष्ट मात्र पोटतिडकीने सांगतो. आपल्याकडे वलगणीचा मासा अंड्यांनी भरलेला असतानाच मारतात, आता तर व्हाळाच्या तोंडाशीच जाळी लावून सगळा अडवतात. मीही लहानपणी मारलाय, चवीला दुसरा नाही. पण गेल्या वीस वर्षांत आमच्या व्हाळात तो जवळजवळ दिसत नाही. केचिकनला पायऱ्या बांधून देतात हे वाचून बरं वाटलं नि वाईटही.

देवमाशांबद्दल लिहा. मी दोन वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो तेव्हा जुनोजवळ त्यांचं बुडबुड्यांचं जाळं पाहिलं. एक देवमासा खालून गोल फिरत बुडबुडे सोडतो, हेरिंग माशांचा थवा त्या कड्यात कोंडला जातो, आणि मग सगळे एकदम तोंड वासून वर येतात. मला तर आमची रापणच आठवली. चहूबाजूंनी घेरायचं आणि मग ओढायचं. फक्त इथे जाळं हवेचं.

केवडा

दर्यावर्दी६७, रापण! हे आईला वाचून दाखवणार. आम्हाला बुडबुड्यांचं जाळं दिसलं नाही. दिसली एक आई आणि पिल्लू.

जुनोहून बस ऑक बेला नेते, तिथून लहान बोट. साधारण साडेतीन तासांची फेरी. हे हंपबॅक देवमासे हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात असतात, तिथे पिल्लं होतात, पण खायला फारसं काही मिळत नाही. मग जवळजवळ ५,००० किलोमीटर पोहून उन्हाळ्यात इथे येतात ते केवळ पोट भरायला. म्हणून जून ते ऑगस्ट या काळात देवमासे दिसले नाहीत असं इथे क्वचितच होतं. नियम असा, की बोटीने १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९० मीटरच्या आत जायचं नाही. आमच्या कॅप्टनने त्याहून बरीच लांब बोट उभी केली, इंजिन बंद केलं, आणि मग नुसतं थांबायचं.

ते थांबणं मला सगळ्यात आवडलं. आधी फवाऱ्याचा आवाज, एखाद्या मोठ्या जनावराने नाक फुरफुरावं तसा. मग पाठ. मग आणखी एक छोटा फवारा, लगेच शेजारी. आई सूर मारताना शेपटी पूर्ण वर यायची, पिल्लाची अर्धवटच. शेपटीच्या खालच्या बाजूची पांढरी-काळी नक्षी प्रत्येक देवमाशाची वेगळी असते, त्यावरून अभ्यासक एकेकाला वर्षानुवर्षं ओळखतात. लेकीने वहीत त्या आईची नक्षी काढली आहे. पालकांना एक सांगते: त्या फेरीत फोन एकाकडेच द्या. मी पहिला अर्धा तास पडद्यातूनच बघत होते आणि मोठा देवमासा पूर्ण उसळला तेव्हा माझ्या फोनमध्ये नुसतं पाणी आलं.

दुपारी मेंडेनहॉल हिमनदी. ही समुद्रात उतरत नाही, तळ्याशी संपते, आणि ते तळंही गेल्या शंभर वर्षांतलंच, हिमनदी मागे सरकल्यावर तयार झालेलं. बाबांना चाकाची खुर्ची मिळाली आणि हिमनदी बघायच्या खोलीपर्यंत सहज नेता आली. तिथे एका नकाशासमोर ते अर्धा तास होते. मेंडेनहॉलच्या वरच्या अंगाला सुसाइड बेसिन नावाचा खोलगट भाग आहे. तिथली शेजारची हिमनदी आक्रसली आणि रिकाम्या जागेत वितळलेलं पाणी नि पाऊस साठायला लागला. त्याला बांध कसला, तर मुख्य हिमनदीच्या बर्फाचाच. पाणी पुरेसं चढलं की ते बर्फाखालून वाट काढतं आणि सगळं साठवण नदीत उतरतं. २०११ पासून हे दरवर्षी होतंय. ऑगस्ट २०२३ मध्ये काठ खचून घरं नदीत गेली, पुढच्या दोन्ही ऑगस्टमध्ये पूर त्याहून चढला. बाबा म्हणाले, “आम्ही धरण बांधताना सांडवा आधी ठरवतो. हे धरण सांडव्याशिवायचं आहे.” परतीच्या बसमध्ये त्यांनी नदीकाठी रचलेल्या अडथळ्यांची भिंत मुलांना दाखवली.

स्कॅगवेबद्दल थोडक्यात. व्हाइट पासची रेल्वे घेतली. १८९८ ते १९०० मध्ये, कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याच्या धावपळीत बांधलेली, तीन फुटी अरुंद मार्ग, २० मैलांत २,८६५ फूट चढते. आमच्या नेरळ-माथेरानची दोन फुटी, त्यामुळे मुलांनी दोन्हींची तुलना केली. जाताना डाव्या बाजूला बसा. बाबांना पाय न हलवता दऱ्या, धबधबे, बोगदे सगळं मिळालं. सोन्यामागे धावलेल्यांना कॅनडाच्या हद्दीवर वर्षभराचं, सुमारे एक टन सामान दाखवावं लागायचं, आणि ते वाहून नेताना या घाटात जवळपास ३,००० घोडे मेले. ती वाट गाडीतून अजून दिसते.

रानवाट

धागा आवडला, आणि तरी एक टोचणारा प्रश्न विचारतो. वितळणाऱ्या हिमनद्या बघायला इतकं इंधन जाळणाऱ्या बोटीतून जाणं मला पटत नाही. ग्लेशियर बेमध्येच २००१ साली एका क्रूझ बोटीच्या धडकेने स्नो नावाची हंपबॅक मादी मेली. ती गाभण होती. अभ्यासक तिला १९७५ पासून ओळखत होते. तिचा सांगाडा आता बार्टलेट कोव्हला उभा केला आहे. आपण मुलांना बोटीवरून देवमासे दाखवतो तेव्हा हेही दाखवायला हवं.

केवडा

रानवाट, स्नोबद्दल रेंजरनी बोटीवर सांगितलं होतं. तिथे देवमाशांच्या पट्ट्यात बोटींना १३ नॉटची वेगमर्यादा लावतात, आणि आमची बोट त्या भागात खरोखर मंद झाली हे जाणवलं. पण तुमचा प्रश्न त्याने मिटत नाही. मी असं ठरवलं, की आई-बाबांना घेऊन एकदाच जायचं आणि त्यांना चालायला न लावता जे दिसू शकतं ते दाखवायचं. आमची ऐपत आणि बाबांचा गुडघा बघता दुसरा रस्ता मला सापडला नाही. हा माझा निर्णय आहे. तो बरोबरच आहे असं मी म्हणत नाही.

तिथल्या लोकांतही यावर मतभेद आहेत. जुनोने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या बोटींची मर्यादा मान्य करून घेतली. त्याच वर्षी शनिवार बोटींविना ठेवावा का यावर मतदान झालं, ते नामंजूर झालं. आणि उभ्या क्रूझ बोटीला किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय जगात पहिल्यांदा जुनोलाच झाली, २००१ मध्ये.

रानवाट

सरळ उत्तराबद्दल आभार. त्यात भर घालतो. हंपबॅक बघायला अलास्कालाच जावं लागतं असंही नाही. आपल्या अरबी समुद्रात त्यांची एक छोटी, वेगळी जमात आहे. ती स्थलांतर करून थंड पाण्यात जात नाही, बाराही महिने इथेच राहते, आणि फार थोडी उरली आहे. ओमानच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली लुबान नावाची मादी २०१७ च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली होती. देवगडच्या आजी-आजोबांना हे जरूर सांगा.

तारवट्याचीबहीण

मी गोव्याची. आमच्याकडे बोटीवर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात. माझा भाऊ बारा वर्षं क्रूझवर स्वयंपाकघरात आहे. एका खेपेला सात-आठ महिने घराबाहेर असतो. वर विचारलेलं नाही, तरी सांगते: बिलात रोजची जी बक्षिसी लावतात ती काही जण काउंटरवर जाऊन काढून टाकतात. कृपा करून तसं करू नका. ती तुम्हाला कधी न दिसणाऱ्या माणसांपर्यंतही जाते. आणि शाकाहारी, जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळी कळवाच, पण पहिल्याच रात्री मुख्य वेटरलाही सांगा. आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी आमटी-भातसुद्धा करून देतात. बहुतेक बोटींवर आपली मुलं असतातच.

केवडा

अगदी खरं. आमच्या टेबलावरचा मुलगा मडगावचा निघाला. आई त्याच्याशी मालवणीत बोलायची, तो कोंकणीत उत्तर द्यायचा, दोघांचं छान जमलं. चौथ्या रात्री त्याने कुठूनशी तिच्यासाठी तिखट मिरची आणि लिंबू आणून दिलं.

पुणेरीपाऊल

आम्ही पुण्याहून एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो. प्रत्येक बंदरावर दोन-दोन सहली घातलेल्या, त्यामुळे काहीच धड पाहिलं नाही. दुसरी गोष्ट वेळेची. फोन स्थानिक वेळ दाखवतो, बोट स्वतःच्या वेळेने चालते, नि अलास्काची वेळ सिअ‍ॅटलच्या एक तास मागे. आमच्यातली चार माणसं जेमतेम शिडी उचलायच्या आधी पोचली. साधं हातावरचं घड्याळ बोटीच्या वेळेला लावून ठेवा.

आणि हिमनदीच ठरवून बोट घेणाऱ्यांसाठी: ट्रेसी आर्म या दुसऱ्या हिमनदीच्या खाडीत १० ऑगस्ट २०२५ ला दक्षिण सॉयर हिमनदीपाशी डोंगरकडा खाडीत कोसळून मोठी लाट उठली. पहाटेची वेळ होती म्हणून माणसं वाचली. त्यानंतर बऱ्याच बोटींनी मार्ग बदलून शेजारचं एंडिकॉट आर्म घेतलंय. जुन्या लेखांवर विसंबू नका, या वर्षीचा मार्ग तपासा.

मनमोगरा

व्हिसाचा अर्ज आजच भरायला घेतला. आता कपडे, बोट लागणं आणि दुर्बीण याबद्दल कुणीतरी सांगा. आणि मुलं चार वर्षांची असतील तर?

केवडा

कपडे: धक्क्यावर १२-१५ अंश असतं, हिमनदीसमोर वारा सुटला की बरंच कमी वाटतं. जाड एक कोट नको, थरावर थर घाला, आणि सगळ्यात वर पाणी न झिरपणारं जाकीट. छत्री वाऱ्यात टिकत नाही. कानटोपी, हातमोजे, आणि प्रत्येकाला बुटांचा दुसरा जोड. केचिकनला ओले झालेले आमचे बूट तिसऱ्या दिवशीही वाळले नव्हते. खोलीत किटली चालत नाही, पण थर्मासमध्ये गरम पाणी हवं तेवढं भरून मिळतं. चहाचा मसाला घरून न्या.

बोट लागणं: सिअ‍ॅटलहून जाताना व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात. पहिल्या रात्री नवऱ्याला चांगलंच लागलं. व्हँकुव्हरहून निघणाऱ्या बोटी आतल्या शांत पाण्यातून जातात. खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या, गोळी लागायच्या आधीच घ्या, नंतर उपयोग नाही.

चार वर्षांचं मूल चालेल, पण देवमाशांच्या फेरीत आत बसायची जागा असलेलीच बोट बघा. आणि रोज एकच गोष्ट ठरवा. आमचा सहा वर्षांचा दुसऱ्या दुपारपर्यंत थकला होता. ज्या वेळी आम्ही काहीच ठरवलं नव्हतं त्या वेळी डेकवरून ओर्का (काळे-पांढरे शिकारी देवमासे) दिसले.

दुर्बीण: घराला एक पुरत नाही, दोन न्या. आठ पट मोठं दाखवणारी ठीक, त्याहून जास्तीची बोटीवर हाताने स्थिर राहत नाही. आमच्याकडे आता एकच उरली आहे. रानवाट, तुमचा लुबानचा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला होता. जाताना त्यांनी दुसरी दुर्बीण मागून घेतली. संध्याकाळी रिक्षा करून देवगडच्या किल्ल्यावर दीपगृहाशी जातात. काल फोनवर म्हणाले, अजून तरी डॉल्फिनच दिसलेत.